सातविणीचीं आठ पानें

शाळामास्तर सेवानिवृत्त झाला, तरी त्याच्या अंगांतील मास्तर कांहीं निवृत्त होत नाहीं, असें आमच्या घरांतील मंडळींचें मत आहे. आणि तें सर्वथा खोटें आहे असें म्हणण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं. छत्तीस वर्षें कृष्णाकाठच्या एका गांवीं मुलांना संस्कृत शिकवून आम्ही पुण्यास चिरंजीवांकडे राहावयास आलों. येथें आमच्याकडे एकच काम सोंपविण्यांत आलें. सकाळीं नातीस बालकमंदिरांत पोंचवावयाचें व साडेअकराच्या सुमारास परत आणावयाचें. या येरझाऱ्यांत जें शिकावयास मिळालें, तें उभ्या नोकरींत मिळालें नव्हतें. तीच हकीकत आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

नात तीन वर्षांची असतांना तिला घरानजीकच्या एका शिशुवर्गांत घातलें होतें. त्या संस्थेचें नांव सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. आश्विन लागतांच तेथील भिंतीवर नारिंगी व तांबड्या कागदाचीं पानें चिकटविण्यांत आलीं. खालीं भोपळ्याचें चित्र आणि वर ठळक अक्षरांत ‘ऑटम’ हा शब्द. पानें मेपल नांवाच्या वृक्षाचीं होतीं. मुलांनीं छापील पानांत रंग भरावयाचा व बाईंनीं त्यावर तारा काढून द्यावयाचा, एवढाच पाठ. नातीनें घरीं येऊन विचारलें, “आजोबा, आपल्या झाडांचीं पानें लाल केव्हां होणार?” आम्हीं खिडकीबाहेर पाहिलें. पाऊस नुकताच सरला होता आणि झाडें अशीं हिरवींगार होतीं कीं त्यांत लाल पान औषधालाही सांपडलें नसतें.

‘ऑटम’ म्हणजे शरद् असें आम्हींही वर्षानुवर्षें फळ्यावर लिहून दिलें होतें. महिन्यांचा हिशेब पाहतां तें चूक नाहीं. परंतु शब्द जुळला म्हणजे वस्तु जुळली असें होत नाहीं. थंड देशांत दिवस लहान होऊं लागले व गारठा पडूं लागला, म्हणजे पानांतील हरितद्रव्य विरतें, झांकलेला पिवळा रंग उघडा पडतो, कांहीं झाडांत तांबडा रंग नव्यानें तयार होतो, आणि मग पान गळतें. तेथील मुलानें तीं पानें वेंचावीं, रंगांप्रमाणें लावावीं, हें योग्यच. कारण तीं त्याच्या दारांत पडलेलीं असतात. आपल्याकडील पानगळ बहुतांशीं थंडीपेक्षां पाण्याच्या ओढीमुळें होते, व तिचा काळ निराळा. साग, पळस, सांवर हीं झाडें पौषापासून फाल्गुनापर्यंत उघडीं पडतात. आपला शरद् म्हणजे निवळलेलें पाणी, धुतलेलें आकाश, पिकलेलें गवत. आपल्या पूर्वजांना हा ऋतु इतका प्रिय कीं शरद् या शब्दानेंच ते वर्ष मोजीत व दीर्घायुष्य मागतांना शंभर शरद मागत. तो ऋतु दारांत उभा असतां मुलांना परक्या झाडाचें कागदी पान देण्यांत काय हांशील, असें आम्हीं घरीं बरेंच तावातावानें बोललों. सूनबाईंनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि पुढील जून महिन्यांत नातीस एका जुन्या वाड्याच्या मागल्या अंगणांत भरणाऱ्या बालकमंदिरांत घातलें.

तेथील बाई पन्नाशीच्या, मितभाषिणी. घटस्थापनेच्या दिवशीं त्यांनीं मुलांकडून पानांचे दोन द्रोण काळ्या मातीनें भरविले व त्यांत गहूं पेरविले. एक द्रोण टोपलीखालीं अंधारांत, दुसरा खिडकींत. रोज सकाळीं मुलांनीं पाणी शिंपावयाचें आणि कोंब जेवढा वाढला असेल तेवढी कागदाची पट्टी कापून भिंतीवर चिकटवावयाची. मोजपट्टी नाहीं, आंकडा नाहीं. नऊ दिवसांत भिंतीवर पट्ट्यांच्या दोन पायऱ्या उभ्या राहिल्या. अंधारांतील रोपें उंच, पण पिवळीं व लुळीं. खिडकींतील ठेंगणीं, पण हिरवीं व ताठ. हरितद्रव्य तयार होण्यास उजेड लागतो, हें त्या पोरांस कोणी सांगितलें नाहीं. त्यांनीं तें पाहिलें. देवघरांतील घटाचें धान्य पिवळें कां उगवतें, हा प्रश्न साठ वर्षें घट बसलेले पाहूनही आम्हांस कधीं पडला नव्हता, हें येथें कबूल केलेलें बरें.

पाटावर हत्ती काढून भोंडलाही झाला. मुलींबरोबर मुलगेही फेर धरीत होते. शेवटीं खिरापतीचा झांकलेला डबा हातोहात फिरे. तो हालवून आवाज ऐकावयाचा, झांकण किंचित् उचलून वास घ्यावयाचा, वजन पाहावयाचें आणि मग ओळखावयाचें. खडखडलें तर फुटाणे, भदभदलें तर चुरमुरे, कांहींच वाजलें नाहीं तर वाटली डाळ. मारिया मॉन्टेसरी या इटालियन विदुषीनें १९०७ सालीं रोम शहरांतील गरीब वस्तींत आपलें पहिलें बालगृह उघडलें, व पुढें आवाजाच्या डब्या आणि वासाच्या कुप्या करून मुलांचीं इंद्रियें घडविण्याची पद्धति बसविली. तिच्या डब्या मोलाच्या व शास्त्रशुद्ध खऱ्या. पण आपल्या घरांतील आज्या-मावश्या तोच खेळ पितळी डब्यावर खेळत आल्या होत्या, हें पाहून आम्हांस कौतुक वाटलें.

हें कौतुक आमच्याआधीं फार थोरांस वाटून गेलेलें आहे. गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगर येथें बालमंदिर काढलें; ताराबाई मोडक तेथें त्यांना येऊन मिळाल्या. पुढें १९४५ सालीं ताराबाईंनीं ठाणें जिल्ह्यांत बोर्डी येथें खेड्यांतील मुलांसाठीं काम आरंभिलें आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस आल्या. १९५७ सालीं तें काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी वस्तींत गेलें. विकतचीं साधनें तेथें परवडणारीं नव्हतीं. तेव्हां या दोघींनीं बिया, शिंपले, खडे, पानें हींच साधनें केलीं, आणि मुलें शाळेंत येत नाहींत तर शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें तीन ते आठ वर्षें हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा ठरवून खेळास व मातृभाषेस मान दिला, तो विचार आपल्याकडे असा पुष्कळ आधीं रुजलेला होता.

आतां मुख्य गोष्टीकडे वळतों. दसरा झाल्यावर एके दिवशीं बाई म्हणाल्या, “आजोबा, आपण संस्कृत शिकवीत होतां. आमच्या अंगणांतल्या झाडांचीं जुनीं नांवें मुलांना सांगाल का?” आम्हांस काय, हर्षच झाला. कोंपऱ्यांत सातविणीचें झाड होतें. हिरवट पांढऱ्या फुलांचे झुबके आले होते व सारें अंगण त्या उग्र वासानें भरलें होतें. आम्ही उभे राहिलों आणि सांगितलें, “बाळांनो, याचें नांव सप्तपर्ण. सात पानें ज्याचीं, तो. याच्या प्रत्येक डहाळीवर सात-सात पानांचें चक्र असतें.”

बाईंनीं खालीं पडलेल्या डहाळ्या मुलांपुढें ठेविल्या. मुलें मोजूं लागलीं. थोड्या वेळानें आमची नात म्हणाली, “आजोबा, माझीं आठ आहेत.” आम्ही म्हणालों, “नीट मोज.” तिनें एकेका पानावर बोट ठेवून पुन्हां मोजलीं. आठच होतीं. शेजारच्या मुलाच्या डहाळीवर सहा निघालीं, दुसऱ्याच्या पांच. सातही निघालीं, नाहीं असें नाहीं. पण सातांचा कायदा त्या झाडास कोणी सांगितलेला दिसला नाहीं. बाईंनीं लगेच जमिनीवर खडूनें घरें आंखलीं आणि ज्याच्या डहाळीचीं जितकीं पानें, त्या घरांत त्यानें ती ठेवावी, असा खेळ मांडला.

छत्तीस वर्षें आम्हीं हा बहुव्रीहि सोडवून दिला होता. झाड मात्र एकदांही मोजलें नव्हतें. घरीं येऊन अमरकोश उघडला. सप्तपर्णाचेंच दुसरें नांव तेथें विषमच्छद असें दिलें आहे. विषम म्हणजे सात, नऊ यांसारखी संख्या, एवढाच अर्थ आम्ही सांगत आलों. विषम म्हणजे सर्वत्र सारखीं नसणारीं, असाही अर्थ होतो, हें त्या रात्रीं प्रथमच मनांत आलें. कोशकारानें कदाचित् डहाळी हातांत घेतलीही असेल.

त्याच रात्रीं एक जुनी गोष्ट आठवली आणि झोंप लागेना. सुमारें तीस वर्षांपूर्वीं नववीच्या वर्गांत आम्ही शरद्‌वर्णन शिकवीत होतों. कालिदासाच्या ऋतुसंहारांत तिसरा सर्ग शरदाचा. त्यांत काश नांवाच्या शुभ्र गवताचें वर्णन येतें. काश म्हणजे काय, तर ‘तृणविशेष’, असें टीकाकारांच्या धर्तीवर आम्हीं लिहून दिलें. दुसऱ्या दिवशीं नदीकाठच्या वस्तींतील एक मुलगा उशीरानें आला व त्यानें पांढऱ्या तुऱ्यांचा भारा आमच्या टेबलावर ठेविला. “गुरुजी, हाच का तो काश? आणि याचा तुरा उंसाच्या तुऱ्यासारखा कां दिसतो?” टेबलभर म्हाताऱ्या उडाल्या, वर्ग हंसूं लागला आणि आम्हांस राग आला. तुरे बाहेर फेंकून तासभर दारांत उभें राहण्याची आम्हीं त्यास आज्ञा केली. परीक्षेंत त्यानें ‘काश म्हणजे तृणविशेष’ असें लिहिलें. आम्हीं त्याला पूर्ण गुण दिले. पुढच्या वर्षीं त्यानें संस्कृत सोडलें.

कोजागरीनंतर आम्हांस गांवीं जाण्याचा योग आला. त्या मुलाचा ठावठिकाणा विचारीत त्याच्या मळ्यावर गेलों. तो आतां प्रौढ गृहस्थ. शेतकीचें शिक्षण घेऊन उंसाची शेती करतो. पायां पडला, चहा आणविला. आम्हीं भीत भीत ती गोष्ट काढली. तो म्हणाला, “आठवतें, गुरुजी. उभें राहण्याचें कांहीं नाहीं. तें नेहमींचेंच होतें. पण तुरे फेंकावयास लावलेंत, तें लागलें होतें.”

मग तो आम्हांस नदीवर घेऊन गेला. साऱ्या कांठावर तें शुभ्र गवत डोलत होतें. त्यानें जें सांगितलें तें असें : कास आणि ऊंस हे सख्खे भाऊबंद, एकाच कुळांतले. १९१२ सालीं कोइमतूर येथें उंसाच्या पैदाशीचें केंद्र निघालें. तेथें बार्बर व वेंकटरामन या शास्त्रज्ञांनीं जाड, गोड उंसाचा या रानगवताशीं संकर केला व १९१८ सालीं ‘को २०५’ नांवाची जात शेतकऱ्यांच्या हातीं दिली. गोडी उंसाची आणि काटकपणा गवताचा. “आज शेतांत उभ्या असलेल्या बहुतेक साऱ्या उंसांत या कासाचें रक्त आहे, गुरुजी.” म्हणजे मुलानें विचारलेला प्रश्न शास्त्रज्ञांच्या तोडीचा होता, आणि आम्हीं त्याला दारांत उभें केलें होतें.

आम्हीं त्याची क्षमा मागितली. त्याला संकोच झाला. वाद न वाढवितां त्यानें विळ्यानें तुरे कापले, वर्तमानपत्रांत बांधले आणि म्हणाला, “नातीच्या शाळेंत न्या.”

दुसऱ्या दिवशीं तो भारा बालकमंदिरांत उघडला. पुन्हां म्हाताऱ्या उडाल्या, पुन्हां सारीं हंसलीं. बाईंनीं विचारलें, “याचें नांव काय, आजोबा?” ‘तृणविशेष’ अगदीं जिभेवर आलें होतें. तें आम्हीं गिळलें व म्हणालों, “आधीं हातांत घेऊन तर पाहूं द्या.” मुलांनीं तुरे गालाला लावले, फुंकले, तोलले. नातीनें पातें ओढलें आणि तिच्या बोटास चीर गेली. पात्याची कड करवतीसारखी असते. बाईंनीं हळद लावली. काशाला धार असते, ही माहिती आमच्या कोणत्याही टिपणांत नव्हती.

ज्यांच्या घरीं लहान मुलें आहेत, त्यांस आमची विनंती एवढीच. निर्माल्यांतील झेंडूचें फूल मुलाच्या हातीं द्यावें व तें उसकटून पाहूं द्यावें. प्रत्येक पाकळीच्या बुडाशीं काळें बीं सांपडेल, तें कुंडींत पेरावें. आपट्याची फांदी ओरबाडण्यापेक्षां एकच पान आणून त्याचे दोन सारखे भाग एकमेकांवर मिटवून दाखवावे. कागदाखालीं तें ठेवून वरून खडू घांसला कीं शिरा उमटतात. या सर्वांस पैसा लागत नाहीं, वेळ मात्र लागतो. आणि मूल मोजून आठ म्हणालें, तर आपलें सातांचें पुस्तक क्षणभर मिटून ठेवण्याची तयारी लागते.

नातीची ती आठ पानांची डहाळी आतां वाळली आहे. ती आम्हीं अमरकोशांत, त्याच पानावर ठेविली आहे.