आधीचे डॉक्टर

मुलगा अकरा वर्षांचा होता. रात्री साडेनऊच्या सुमारास वडील त्याला खांद्यावर टाकून घेऊन आले. गुडघे पोटाशी घेतलेले, जीभ कोरडी, उजव्या बाजूला खाली बोटही टेकवू देत नव्हता. अपेंडिक्स फुटलं असणार, हे हात लावताच कळलं. वडिलांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून दिला. गावातल्या डॉक्टरांनी दोन दिवसांपूर्वी लिहिलेली औषधं होती, एक ॲसिडिटीचं आणि एक पोटातल्या कळेचं. कागदावर नजर टाकून मी म्हणाले, "दोन दिवस हे करत काय होते?"

ऑपरेशन झालं, पू निघाला, आठव्या दिवशी मुलगा घरी गेला. माझं वाक्य त्याच्या आधीच गावात पोचलं होतं. तालुक्याच्या ठिकाणी सर्जन म्हणून येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. त्या डॉक्टरांनी तीस वर्षं त्या पंचक्रोशीतले ताप, जुलाब, अडलेल्या बाया, विंचू चावलेली पोरं पाहिली होती. आता त्यांच्या दवाखान्यात चार माणसं जाऊन बसली आणि ऑपरेशनचा खर्च मागू लागली. "सर्जनबाईच म्हणाल्या," हा त्यांचा पुरावा.

महिनाभराने ते मला भेटायला आले. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "तो कागद उलटून पाहिला होतात का, ताई?" मी पाहिला नव्हता. मागच्या बाजूला त्यांनी मराठीत, ठळक अक्षरात लिहिलं होतं : दुखणं उजवीकडे खाली सरकलं, उलटी झाली किंवा ताप आला तर लगेच आणा. आणलं नव्हतं, कारण भातलावणी सुरू होती आणि औषधाने दुपारपुरतं बरं वाटलं होतं. त्यांनी तपासलं तेव्हा पोट मऊ होतं, ताप नव्हता, कळ बेंबीभोवती होती.

अपेंडिक्सचं दुखणं बहुतेकदा असंच सुरू होतं. आतून फुगणाऱ्या आतड्याची वेदना मज्जातंतू बेंबीभोवती दाखवतात. काही तासांनी सूज पोटाच्या आतल्या अस्तराला भिडते, मग दुखणं उजवीकडे खाली ठाण मांडतं. चार्ल्स मॅकबर्नी या न्यूयॉर्कच्या सर्जनने १८८९ मध्ये तिथल्या एका ठरावीक बिंदूचं वर्णन केलं, आणि आजही आमचं बोट त्याच बिंदूवर जातं. पण पहिल्या काही तासांत तो बिंदू बोलत नाही. गावातल्या डॉक्टरांनी पाहिलेला आजार आणि मी पाहिलेला आजार यांत दोन दिवसांचं अंतर होतं. मला तो पिकून समोर आलेला मिळाला होता. टायफॉइडचं तेच, डेंगीचंही तेच. शेवटी पाहणाऱ्याला निदान सोपं जातं, आणि त्याचं श्रेय तो स्वतःच्या हुशारीला देतो.

चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, वैद्याने वैद्याशी कसं बोलावं याचा विस्ताराने विचार आहे. तिथे संवादाचे दोन प्रकार सांगितले आहेत : मैत्रीने केलेली संधायसंभाषा आणि प्रतिपक्षाला हरवण्यासाठी केलेली विगृह्यसंभाषा. पहिल्या प्रकारात विश्वासाने विचारावं, विश्वासाने सांगावं, समोरचा निरुत्तर झाला म्हणून आनंद मानू नये. त्या रात्री मी जे केलं त्याला विगृह्यसंभाषाही म्हणता येत नाही, कारण तिथे निदान प्रतिपक्ष समोर तरी असतो.

डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाचे २००२ चे नियम सांगतात, की दुसऱ्या डॉक्टरवरचा रुग्णाचा विश्वास ढळेल असं काही बोलू नका. तेच नियम असंही सांगतात, की व्यवसायबंधूचं अप्रामाणिक किंवा अकार्यक्षम वर्तन न घाबरता उघड करा. तरुणपणी मला या दोहोंत विरोध दिसायचा. आता दिसत नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी २०१३ मध्ये एका तपासणी केंद्राकडून आलेला कमिशनचा चेक नाकारून थेट तक्रार केली. ती तक्रार कुणाच्या पाठीमागे केलेली कुजबुज नव्हती. कट घेणाऱ्या-देणाऱ्यांतही सख्य असतं, एकमेकांच्या चुकांवर पांघरूण घालणाऱ्यांतही असतं. त्याला बंधुभाव म्हणायला माझी जीभ वळत नाही. जे बोलायचं ते कुणाशी बोलायचं आणि कशासाठी, इथे खरी कसोटी आहे.

ती कशी पार करायची, हे मला माझ्याहून लहान असलेल्या एका डॉक्टरांनी शिकवलं. दुर्बिणीतून पित्ताशय काढलेल्या माझ्या एका रुग्ण बाईंचं पोट दुसऱ्या दिवसापासून दुखत होतं. ऑपरेशननंतरचं दुखणं आहे, असं मी धरून चालले. चौथ्या दिवशी पोट फुगलं, डोळे पिवळसर दिसले, तेव्हा शहरातल्या पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. रात्री त्यांचा फोन आला.

"मॅडम, पित्त गळत होतं. सिस्टिक डक्टची क्लिप सुटली आहे. एंडोस्कोपीने स्टेंट टाकला, साठलेलं पित्तही नळी घालून काढलं. आता ठीक आहेत. एक विचारू? दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी केली होती?"

"नाही."

"करायला हवी होती."

"हो."

"त्यांना मी एवढंच सांगितलंय, की काही जणांना असा त्रास होतो आणि यातून बरं होता येतं. बाकीचं तुम्ही सांगाल ना?"

त्या शेवटच्या प्रश्नाने मला रात्रभर झोपू दिलं नाही. त्यांनी माझी चूक झाकली नव्हती आणि चव्हाट्यावरही मांडली नव्हती. माझ्या हातात आणून ठेवली होती, कारण ती सांगण्याचा मान आणि भार दोन्ही माझेच होते. स्टेंटमुळे पित्ताला आतड्याकडे सोपी वाट मिळते, गळती आपोआप सुकते. त्या बाई बऱ्या होणारच होत्या. मी बोलले नसते तर कुणाला काही कळलंही नसतं.

दहा दिवसांनी त्या नवऱ्याबरोबर आल्या. मी दार लावून घेतलं. क्लिप कशी सुटली ते कागदावर काढून दाखवलं. म्हणाले, "दुसऱ्या दिवशी तुम्ही दुखतंय म्हणालात, तेव्हाच मी तपासणी करायला हवी होती. ती माझी चूक आहे." नवरा जमिनीकडे बघत राहिला. बाई बराच वेळ गप्प होत्या.

"सगळे म्हणत होते, ऑपरेशन म्हटलं की दुखायचंच," त्या म्हणाल्या. "मलाच वाटायला लागलं होतं, मी उगाच कण्हतेय."

मग स्टेंट काढायला कधी जायचं, ते त्यांनी विचारलं. मी त्यांच्यासमोरच त्या डॉक्टरांना फोन लावला.