मुंबईला पोसणारे घर

मुंबईचा इतिहास समजून घ्यायचा असेल, तर चार दिवस मुंबई सोडून मालवणला जावे, असे मी म्हटले तर पुष्कळांना ते चमत्कारिक वाटेल. मी स्वतः वैशाखात तिकडे गेलो, तो काही इतिहासासाठी नव्हे. चुलतभावांनी गावचे घर विकायचे ठरवले होते. कागदावर काकीची सही घ्यायची आणि तिच्याखाली माझी करायची, हे काम घरातला शिकलेला माणूस म्हणून माझ्याकडे आले होते.

१९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली आणि मुंबई-मालवण हे अंतर एका रात्रीचे झाले. कुडाळला उतरावे, एस.टी. धरावी, की तासाभरात मालवण. माझ्या वडिलांच्या वेळी भाऊच्या धक्क्यावरून आगबोट सुटे. ती मालवणला किनाऱ्यापासून दूर उभी राही आणि ट्रंका, वळकट्या नि माणसे पडावातून किनाऱ्याला येत. पावसाळ्यात बोटी बंद. मग मुंबईची खबर काय ती टपालाने यायची.

धक्क्यावर उभे राहिले की समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग दिसतो. १६६४ साली शिवाजीमहाराजांनी त्याची पायाभरणी केली. पायाचे चिरे बसवताना शिसे ओतले, असे सांगतात. येणारा प्रवासी तट पाहतो, बुरूज पाहतो. पाण्याखालचा पाया कोणाला दिसत नाही. मुंबईचेही तसेच आहे.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीचा उद्योग मांडला. पुढे गिरण्या वाढल्या आणि कोकणची माणसे तिकडे लोटली. १८८१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती पावणेआठ लाखांच्या घरात होती. त्यांतले लाखाहून अधिक लोक एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले! मालवण तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १९८१ साली.

या माणसांनी नुसते सूत काढले नाही. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा सहा दिवस गिरण्या बंद ठेवून सरकारला जाब विचारला तो त्यांनी. १९४६ च्या फेब्रुवारीत नाविकांच्या उठावाला पाठिंबा देण्यासाठी रस्त्यावर उतरले ते हेच, आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या झेलणाऱ्यांतही गिरणगावचे लोक होते.

पण गिरणीच्या पगारात एवढ्या लढाया लढणे परवडले कसे? गड्याचा पगार एका माणसाच्या पोटापुरता. एका खोलीत गावचे वीस-वीस जण पाळीपाळीने निजत. बायको, पोरे, म्हातारी माणसे गावी. भात लावायचे, गुरे राखायची, आजारी माणूस मुंबईहून आला तर त्याची शुश्रूषा करायची, हे सारे बायकांनी केले. मालकाने तो खर्च कधी पगारात धरला नाही. संप लांबला की कामगार गावची वाट धरी, आणि त्याच्या भाकरीची सोय तिथे असे. मुंबईचे अर्धे बळ मुंबईबाहेर साठवलेले होते.

हे मला पुस्तकातून कळायला नको होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. वडील आणि काका दोघेही संपात. वडिलांनी आईला व मला गावी धाडले. मागोमाग काका ट्रंक घेऊन आले. संप मिटेल म्हणून ती कितीतरी दिवस भरलेलीच होती. मुंबईची मनिऑर्डर थांबली. त्या दीड वर्षात आठ माणसांचे घर काकीने नाचणी, कुळीथ नि सुक्या मासळीवर चालवले.

आता गावात कुलूप लावलेली घरे मोजावी तितकी थोडी. २००१ साली सिंधुदुर्गाची वस्ती ८,६८,८२५ होती. २०११ साली ती ८,४९,६५१ झाली. गंमत अशी, की त्याच दहा वर्षांत गिरणगाव ज्यात मोडतो त्या मुंबई शहर जिल्ह्याचीही वस्ती घटली. जिथे भोंगे वाजत, तिथे मनोरे उभे राहिले आणि चाळीतली माणसे दूर उपनगरांत पांगली.

मी पडवीत बसून पिशवीतले कागद चाचपले. काकी म्हणाली, "कागद मागसून काढ. आदी पेज जेव."

जेवताना मी मुंबईच्या गोष्टी सांगत होतो. ती ऐकत होती. मग चुलीकडे बोट दाखवून म्हणाली, "मुंबयक जावक माका कधी गावलां नाय. पण मुंबय ह्या चुलीर जेवली, झिला."

मी कागद तसेच परत आणले. भाऊ रागावले आहेत, आणि त्यांचेही खोटे नाही; उपनगरातल्या दोन खोल्यांचे हप्ते कोणाला चुकले आहेत? पण काकी आहे तोवर माझी सही मिळायची नाही, असे मी त्यांना कळवले आहे. चवथीला आम्ही सगळे गेलो होतो. गणपती आला तो त्याच पडवीतून, आणि भाऊही आरतीला उभे होते.