बोट उचलताना

बाजारपेठेतल्या शिंप्याकडे पँट आखूड करायला टाकली होती, ती आणायला गेलो. शिंपी मशीनला तेल घालत होता. चोच असलेली प्लास्टिकची बाटली, तेलाचा एकेक थेंब आणि तो वास: पातळ, गोडसर, जरासा रॉकेलच्या अंगाने जाणारा. मी बाटलीकडे नीट पाहण्याआधीच माझी बोटं त्याच्या काउंटरच्या फळीवर जाऊन बसली. डावीकडे चार, उजवीकडे चार, अंगठे अधांतरी, मनगटं वर. शिंप्याला वाटलं मला घाई आहे. म्हणाला, "झालंच साहेब, बटण तेवढं लावायचं राहिलंय."

महाडच्या टायपिंग क्लासमध्ये हेच तेल असायचं. जिना चढतानाच वास यायचा, आणि वासाच्या मागून आवाज. पोलादपूरहून एसटीने येणारी आम्ही पोरं सकाळच्या पहिल्या बॅचला असायचो. बहुतेकांचं ध्येय एकच, मराठी थर्टी आणि इंग्लिश फॉर्टी. मिनिटाला तीस शब्द, चाळीस शब्द. तेवढं प्रमाणपत्र हाताशी असलं की तहसीलपासून कोर्टापर्यंत कुठेही अर्ज टाकता येतो, असं घरोघरी ठरलेलं होतं.

सर पाठीमागे उभे राहायचे. हातात लाकडी फूटपट्टी. ती त्यांनी कधी कुणाला मारली नाही. टेबलाच्या कडेवर ते तिने ठेका धरायचे, ठक, ठक, ठक, आणि प्रत्येक ठक झाल्यावर हळू आवाजात म्हणायचे, "उचला." दाबा असं म्हणाल्याचं मला एकदाही आठवत नाही. दाबायला कुणाला शिकवावं लागत नाही, बोट आपणहून पडतं. सर शिकवायचे ते बोट परत वर आणायला.

यंत्राला ते हवंच होतं. कळ दाबली की आतली दांडी उडून फितीवर आपटते, अक्षर उमटतं आणि दांडी आपल्या जागी परतते. ती परतायच्या आत दुसरी कळ दाबली तर दोन दांड्या वाटेत एकमेकींत अडकतात. मग शाईने बोटं काळी करून त्या सोडवत बसायचं. मराठी यंत्रात आणखी एक गोष्ट होती. मात्रा आणि अनुस्वाराच्या कळा दाबल्या तरी गाडी पुढे सरकत नसे, कारण ते चिन्ह अक्षराच्या डोक्यावरच बसायला हवं. शिवाय ऱ्हस्व वेलांटी बोलताना अक्षरानंतर येते, पण टाइप करताना आधी. त्यामुळे मराठी टायपिंगची लय इंग्रजीसारखी सरळ नव्हतीच. पाऊल, पाऊल, जागच्या जागी ठोका, पुन्हा पाऊल. बॅचमध्ये आठ-दहा मशीनं एकदम चालू असली तरी कोण मराठी टाइप करतंय आणि कोण इंग्रजी, हे मला जिन्यात उभं राहून नुसत्या कानांनी ओळखता यायचं.

शिंप्याकडे गेलो त्याच आठवड्यात माझ्या कीबोर्डचं एक्सचं बटण बिघडलं होतं. एकदा दाबलं की दोनदा उमटायचं. पत्र लिहिताना हे खपून जातं, पुसून पुढे जाता येतं. मी रात्री जे करतो त्यात खपत नाही.

रात्री मी ताइको खेळतो. ताइको म्हणजे जपानी ढोल. नामको कंपनीने 2001 मध्ये त्याचा खेळ आर्केडमध्ये आणला, खराखुरा ढोल आणि हातात दोन काठ्या. ऑस्ट्रेलियाच्या डीन हर्बर्टने 2007 मध्ये ओसू हा संगणकावरचा खेळ काढला, त्यात हा ढोल बटणांवर वाजवता येतो. गाणं सुरू होतं, उजवीकडून गोल सरकत येतात. लाल गोल म्हणजे ढोलाच्या मधोमध थाप, निळा म्हणजे कडेवर. मधल्या थापेला एक्स आणि सी, कडेला झेड आणि व्ही. चार बटणं, दोन हात. कठीण गाण्यात थाप अचूक धरायची तर ती ठरल्या क्षणाच्या वीस-पंचवीस मिलीसेकंद अलीकडे-पलीकडेच पडावी लागते. दिवसभर एमआयडीसीतल्या ऑफिसात आवक-जावक आणि बिलं टाइप करून आल्यावर माझ्या बोटांना हेच हवं असतं. लोक विचारतात, या वयात? मी सांगतो, याच वयात. इतक्या वर्षांत या बोटांना कुणी वाजवायला सांगितलंच नव्हतं.

तर बटण. बटणाखाली असतो तो स्विच, आणि खेळणाऱ्याचं सगळं अडतं ते तिथे. चेरी या जर्मन कंपनीने 1980च्या दशकात एमएक्स नावाचे स्विच काढले. पेटंटची मुदत संपल्यावर गेटरॉन, काइल अशा चिनी कंपन्यांचे त्याच घडणीचे स्विच बाजारात भरून राहिले. रंगावरून ओळखायचे. लाल सरळ खाली जातो, वाटेत अडथळा नाही, साधारण पंचेचाळीस ग्रॅमच्या जोराने दबतो. काळाही तसाच सरळ, पण साठ ग्रॅमचा. तपकिरी मध्ये जरासा अडखळतो. निळा टिक् करतो. दांडा पूर्ण खाली जायला चार मिलिमीटर लागतात, पण साधारण दोन मिलिमीटरवरच आतल्या पत्र्या एकमेकींना टेकतात आणि संगणकाला कळतं की दाबलं गेलं.

निळ्यावर माझा राग आहे. दुकानदार तो "अगदी टाइपरायटरसारखा" म्हणून विकतात. टाइपरायटरचा आवाज दांडी कागदावर आपटल्याचा असतो, काम झाल्याचा असतो. निळ्या स्विचमध्ये कुठेच काही उमटत नाही. दांड्यावर एक सुटा प्लास्टिकचा तुकडा मुद्दाम बसवलेला असतो, तो सटकून आपटतो आणि टिक् वाजतं. ज्याने सकाळच्या बॅचचा आवाज ऐकलाय त्याला हे विकू नये. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे निळा बोट अडवून धरतो. एकदा दाबल्यावर दांडा टिकच्या जागेच्या बराच वर आल्याशिवाय पुढची थाप मोजली जात नाही. जलद लागोपाठच्या थापांत बोट तेवढं वर येतच नाही, आणि मधली एखादी थाप नाहीशी होते.

लाल आणि काळा यांत मी बराच घोटाळलो. नव्या पोरांना लाल आवडतो, हलका म्हणजे जलद, असा सगळ्यांचा समज. माझं मत वेगळं आहे. हलकी स्प्रिंग बोट खाली लवकर नेते, वर आणायला मात्र ती फारशी मदत करत नाही. काळ्याची साठ ग्रॅमची स्प्रिंग बोटाला खालून ढकलते. ज्यांची बोटं यंत्राच्या कळा ठोकून तयार झालीत त्यांना ती ढकल हवी असते. माझ्या कीबोर्डमधले स्विच डाग न देता उपटता येतात, म्हणून मधल्या दोन थापांना काळे आणि कडेच्या दोन्हींना लाल असे लावून पाहिले. चारही सारखे असतानापेक्षा ढोल मला जास्त खरा वाटला. मधली थाप जड, कडेची हलकी, ढोलाचंही असंच असतं.

इथे शिवथरघळ मध्येच येते, आणि तिला बाजूला सारावंसं वाटत नाही. महाड तालुक्यातलीच जागा. समर्थांनी दासबोध तिथे सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला, अशी परंपरा आहे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी 1930 मध्ये ती जागा शोधून काढली. पावसाळ्यात घळीच्या तोंडावरून धबधबा कोसळतो, शेजारच्याशी बोलायलाही आवाज चढवावा लागतो. मी दर पावसाळ्यात तिथे जातो आणि दर वेळी माझ्या मनात कल्याणस्वामींचा हात येतो. बोरू दौतीत बुडवायचा तर कागदावरून उचलावाच लागतो. सांगणाऱ्याला तेवढं थांबावं लागलं असणार. लिहिणाऱ्याच्या हाताची ही उचल ओवीच्या चालीत कुठे मुरली असेल, असा विचार करत मी तिथे भिजत उभा राहतो. शास्त्रीय पुरावा याला काही नाही. टायपिंगच्या क्लासातून आलेल्या माणसाला घळीत हेच दिसतं.

एक्सचं बटण बिघडलं त्याचं मूळ पाण्यात आहे. 22 जुलै 2021 ला सावित्री आणि गांधारी दोन्ही नद्या महाडात शिरल्या. आमची खोली तळमजल्यावर. पाणी उतरल्यावर रस्त्याच्या दोन्ही कडांना गाळाचे आणि घराघरांतून काढलेल्या सामानाचे ढीग लागले होते. गाद्या, वह्या, फ्रीज, शिलाई मशीनं. त्याच दिवशी तळीयेत दरड कोसळून वाडीच गाडली गेली होती. अशा वेळी कीबोर्डबद्दल कोण बोलणार? मीही बोललो नाही. मुख्य रस्त्याकडच्या एका ढिगात एक टाइपरायटर उताणा पडला होता, दांड्यांच्या अर्धगोलात चिखल भरून वाळत चाललेला. सरांच्या क्लासचा असेल किंवा नसेल. क्लास तर त्याआधीच बंद झाला होता. गोदरेजने 1955 मध्ये पहिला भारतीय टाइपरायटर बनवला, 2009 मध्ये बनवणं थांबवलं, आणि महाराष्ट्रात यंत्रावरची शेवटची सरकारी परीक्षा ऑगस्ट 2017 मध्ये झाली. त्यानंतर कोण शिकायला येणार? मी खाली वाकलो आणि त्या यंत्राची एक कळ दाबली. दांडी अर्ध्यावर आली आणि तिथेच राहिली.

माझा कीबोर्ड मी स्वच्छ पाण्याने धुतला, सुटा करून माळ्यावर वाळवला. बरीच बटणं चालू झाली. पण पत्र्या एकदा डागाळल्या की नीट टेकत नाहीत, थरथरतात, आणि एका दाबाचे दोन होतात. पूर सोडून द्या, आमच्याकडचा साधा पावसाळासुद्धा स्वस्तातल्या पत्र्यांना पुरेसा आहे. पोलादपूरकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो, आणि कपाटातल्या कपड्यांवर बुरशी चढते. देशावरच्या माणसाने स्विच निवडताना हा विचार केला नाही तरी चालेल, कोकणातल्या माणसाने करावा.

म्हणून शेवटी चुंबकाच्या स्विचचा कीबोर्ड घेतला. यात एकमेकींना टेकणाऱ्या पत्र्याच नसतात. दांड्यात छोटा चुंबक, खाली त्याचं क्षेत्र मोजणारा सेन्सर. एडविन हॉल नावाच्या अमेरिकन माणसाने 1879 मध्ये या परिणामाचा शोध लावला, तो बाल्टिमोरला विद्यार्थी असताना. दांडा किती खाली आहे हे सेन्सरला सतत कळतं, त्यामुळे किती खोलीवर दाब धरायचा हे आपण ठरवू शकतो. पोरं अगदी वरवर धरतात. मी खोल ठेवला, कारण टायपिंग शिकलेल्या माणसाची बोटं बटणांवर टेकलेली असतात, श्वास घेतला तरी त्यांचा भार पडतो. आणि या स्विचची जी खुबी वूटिंगसारख्या कंपन्यांमुळे खेळणाऱ्यांत पसरली, ती अशी: बोट खाली कुठेही असो, ते वर निघालं की त्याच क्षणी बटण सुटलं असं धरायचं. जुन्या स्विचना ठरावीक उंची गाठावी लागे, इथे नुसती सुरुवात पुरते.

या खुबीबद्दल वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. यंत्राने अखेर उचल मोजायला घेतली होती. सरांना हे सांगायला हवं होतं. ते गेले तेव्हा मी महाडात नव्हतो, आणि त्यांच्या घरी भेटायला जाऊन मी बोललो असेन ते फक्त परीक्षांबद्दल. त्यांच्या ठेक्याबद्दल कुणीच बोललं नाही. तीस शब्दांचं प्रमाणपत्र सगळ्यांच्या फायलीत आहे. त्यांच्याकडून मिळाली ती लय मात्र कुठल्या फायलीत लागत नाही.

नवा कीबोर्ड मी गणपतीत गावी नेला. आमचे काका खालू बाजात ढोल वाजवायचे. सनई, टिमकी, झांज आणि त्यांचा ढोल, एका हाताला काठी, दुसऱ्या हाताची उघडी थाप. मुंबईहून आलेला पुतण्या खेळत होता, काका मागे बसून बघत होते. जपानी गाण्यातलं त्यांना काही कळण्याचं कारण नव्हतं. थोड्या वेळाने म्हणाले, "तुझा डावा हात उशिरा उठतोय. पडतोय बरोबर." पुतण्याने आकडे काढून पाहिले, डाव्या हाताची बटणं खरोखरच उशिरा सुटत होती.

तेव्हापासून एक नवीनच काम लागलंय. ओसूमध्ये कुठलंही गाणं घेऊन त्याच्या थापा स्वतः बसवता येतात. शिमग्यातल्या पालखीचं एक रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, त्यात काकांचा ढोल आहे. त्यावर गोल बसवायला घेतले आणि पहिल्याच मिनिटात अडलो. खेळाला गाण्याचा वेग एका आकड्यात हवा असतो, मिनिटाला अमुक ठोके. वेग बदलला की तिथे नवी खूण घालून नवा आकडा द्यायचा. जपानी गाण्यांना अशा खुणा मोजक्याच पुरतात. आमचा बाजा मात्र पालखी सहाणेकडे वळली की चढत जातो, माणसं नाचायला लागली की आणखी चढतो, आणि नवस बोलायला कुणी पालखी थांबवली की एकदम खाली बसतो. प्रत्येक ओळीला नवी खूण, कधी एका ओळीत दोन. अंगणापासून सहाणेपर्यंतचाच तुकडा बसवून झालाय.  परवा फोनवर काकांना तेवढा तुकडा ऐकवला. ऐकून म्हणाले, वळणावर तू जी थाप धरलीस ती माझी नाही, टिमकीवाल्याची आहे, माझी तिच्या आधी आहे, नीट ऐक. मी पुन्हा ऐकतोय. त्यांचं बरोबर आहे, त्या वळणापासून सगळ्या खुणा काढून नव्याने घालायच्या आहेत.