चॅन्टेकशी बोलायचं कोण?

भारतातून आई-बाबा आले की आपल्या अल्फारेटाकरांची यादी ठरलेली असते. स्टोन माउंटन, रिव्हरडेल आणि लिलबर्नची मंदिरं, मग एखाद्या शनिवारी चॅटनूगा. तिथे रूबी फॉल्स बघायचा, रॉक सिटीत फोटो काढायचे आणि डब्यातले मेथीचे ठेपले खाऊन परत यायचं. याच गावात, टेनेसी विद्यापीठाच्या आवारात, एका ट्रेलरमध्ये ओरांगउटानचं एक पिल्लू माणसाच्या मुलासारखं वाढलं, हे मला इथे दहा वर्षं काढल्यावर कळलं.

त्याचं नाव चॅन्टेक. जन्म १७ डिसेंबर १९७७, अटलांटातल्या यर्कीज प्रायमेट केंद्रातला. लिन माइल्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी त्याला तान्हेपणीच चॅटनूगाला नेलं आणि मूकबधिरांची खुणांची भाषा शिकवली. पुढे सुमारे दीडशे खुणा त्याला येऊ लागल्या. बोललेलं इंग्रजीही त्याला बरंच समजायचं. शब्द नसला तर तो जुळवून घ्यायचा. केचपला त्याने 'टोमॅटो-टूथपेस्ट' म्हटलं. काम केलं की पैसे म्हणून धातूच्या चकत्या मिळत, त्या साठवून तो आइस्क्रीम खायला गाडीतून जायचा.

लबाडीही आली. एकदा त्याने खोडरबर पळवला, गिळल्यासारखं केलं आणि तोंड उघडून 'खाल्लं' अशी खूण केली. खोडरबर नंतर त्याच्या झोपायच्या खोलीत सापडला! हे सगळं खरंच 'भाषा' म्हणायचं का, यावर शास्त्रज्ञांचे वाद आहेत आणि ते त्यांनी खुशाल घालावेत. दोन मुलं वाढवलेल्या मला तरी खोडरबराचा पुरावा पुरेसा वाटतो.

१९८६ मध्ये एका विद्यार्थिनीशी काही प्रकार घडला आणि चॅन्टेकची रवानगी पुन्हा यर्कीजला झाली, पिंजऱ्यात. पुढची अकरा वर्षं तो तिथे होता. लिनबाईंना त्याला क्वचितच भेटता येई. भेटल्या की तो खुणा करायचा : लिन आई, गाडी आण, घरी जाऊ. शेजारच्या पिंजऱ्यांमधल्या ओरांगउटानना तो 'केशरी कुत्रे' म्हणायचा, स्वतःला मात्र 'ओरांगउटान-माणूस'. १९९७ मध्ये त्याला ग्रँट पार्कमधल्या झू अटलांटात आणलं. तिथे झाडं होती, मोकळं आकाश होतं आणि हळूहळू त्याच्या जातीची सोबतही.

आई सांगलीहून आली तेव्हा मी तिला मुद्दाम झूला नेलं. चारशेवरून खाली पंचाऐंशी, मग शहर ओलांडून तीसेक मैल. मुद्दाम अशासाठी, की आईची सगळी नोकरी मूकबधिर मुलांच्या निवासी शाळेत गेली. चॅन्टेक सावलीत बसला होता. ताटाएवढा चेहरा, अंगावर लांब केसांची झालर. मी उत्साहाने दीडशे खुणा, आइस्क्रीम वगैरे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग इथे त्याच्याशी बोलतं कोण?"

त्याला सांभाळणाऱ्यांना काही खुणा येतात, असं मी म्हणाले. अनोळखी माणसांसमोर तो बुजतो, फारसं 'बोलत' नाही, हेही वाचलेलं होतं.

"बुजणारच," आई म्हणाली. मग रेलिंगला टेकून शाळेचं सांगत राहिली. वर्गात ओठ वाचायला शिकवायचे, पण मुलांचं खरं बोलणं वसतिगृहात, हातांनी. मे महिन्यात ती गावी जायची. घरी कुणालाच खुणा यायच्या नाहीत. 'जेव', 'झोप', 'चल' एवढ्यावर दोन महिने काढायचे. जूनमध्ये परत आली की पहिल्या रात्री हात थांबायचेच नाहीत. ताटातली आमटी गार व्हायची. "आम्ही रागवायचो नाही त्या रात्री," ती म्हणाली. "पण याला अकरा वर्षं मे महिनाच होता की गं."

माझ्या धाकट्याचं मराठी तेव्हा आजीपुरतं उरलं होतं. आईने त्या दिवशी तो विषय काढला नाही. मीही नाही.

आपल्या भागातला चॅन्टेक काही एकटाच नव्हता. ज्या डिकेटरला आपण वर्षानुवर्षं पटेल प्लाझात भेंडी आणि गोडा मसाला आणायला जात आलो, तिथेच जॉर्जिया स्टेट विद्यापीठाच्या भाषा-संशोधन केंद्रात कांझी नावाचा बोनोबो वाढला. चिन्हांचा फलक त्याच्या पालक-आईला शिकवत होते. हा आपला तिच्या अंगाखांद्यावर खेळता खेळता न शिकवताच शिकला. तो पुढे आयोवात गेला आणि मार्च २०२५ मध्ये तिथेच वारला.

चॅन्टेक त्याआधीच गेला, ७ ऑगस्ट २०१७ ला, एकोणचाळीस वर्षांचा असताना. हृदयविकार होता. शेवटच्या वर्षांत त्याची हृदयाची तपासणी भूल न देता झाली. तो आपणहून बसायचा.

सांगलीला फोन करून आईला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "त्या लिनबाईंना कुणी कळवलं असेल ना लगेच?" आणि मग, "दे जरा त्याला फोन." धाकटा खोलीत होता. मी हाक मारली.