म्हातारपणातलं पडणं

म्हातारपणी उभ्या उंचीवरून नुसतं पडणंही मोठा अपघात ठरतो. इचलकरंजीला लागून असलेल्या कबनूरसारख्या यंत्रमागाच्या गावात अशी पडझड बहुधा घरातच होते: ओल्या न्हाणीत, उंबऱ्यावर, पहाटेच्या अंधारात.

वयानुसार हाडं ठिसूळ होतात, नजर कमी होते आणि तोल ढळतो. त्यामुळे पडल्यावर खुब्याचं हाड सहज मोडतं. पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेर वळतं, उभं राहवत नाही. अशा वेळी पाय ओढू नये, चोळू नये. फळीवर वा टणक बिछान्यावर निजवून १०८ ला फोन करावा. इचलकरंजीचं इंदिरा गांधी रुग्णालय जवळ आहे, तर कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय सुमारे ३० किलोमीटरवर.

डोक्याच्या माराची खूण उशिरा दिसू शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मेंदूभोवती हळूहळू रक्त साचू शकतं; म्हणून झोपाळूपणा, बरळणं, उलटी याकडे काणाडोळा करू नये. वरचा रक्तदाब ११० च्या खाली गेला, तर तो तरुणाला चालतो, वृद्धात मात्र रक्तस्रावाचा इशारा असू शकतो.

खुब्याची शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांत व्हावी आणि दुसऱ्याच दिवशी रुग्णाला आधाराने उभं करावं. अंथरुणाला खिळलं की न्यूमोनिया, रक्ताच्या गाठी आणि शय्याव्रण मागे लागतात. वय झालं म्हणून उपचार टाळणं हा अन्याय आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ पासून आयुष्मान योजनेत ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे.

न्हाणीत कठडा, रात्री दिवा, घट्ट बसणारी चप्पल आणि गोळ्यांची फेरतपासणी यांनी पुढचं पडणं टळतं.