फुगलेल्या बुंध्यापाशी

डहाणू-तलासरीत चार महिने पाऊस सगळं भिजवून टाकतो. घोलवडच्या चिकूच्या या मुलखात आफ्रिका-अरबस्तानच्या कोरड्या पट्ट्यातलं अडेनियमचं झाड कशाला, असा आक्षेप येईल. पण उष्ण हवा त्याला मानवते. वैरी आहे ते मुळाशी साचलेलं पाणी. कुंडीत खडी, विटांचे तुकडे आणि तळाला मोठं भोक असलं की निभावतं. फुगीर बुंधा बोटाने दाबावा. तो तहानेनेही मऊ पडतो आणि कुजूनही. म्हणून आधी माती चाचपायची. ती ओली असेल, तर पाणी घालणारा हातच झाड मारतो. काळजी म्हणजे देत राहणं, असं आपण धरून चालतो. आतच पाणी साठवून बसलेल्या जिवापाशी मात्र थांबावं लागतं. किती, ते बुंधा सांगत नाही.