सलीबी जंगांमधले ‘आपण’ कोण?

मी शाळेत उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवते. त्यामुळे एकच शब्द दोन घरांत दोन अर्थांनी नांदताना रोज दिसतो. उर्दूत ‘तारीख’ म्हणजे इतिहास, मराठीत तारीख म्हणजे दिनांक. उर्दूतल्या ‘हम’साठी मराठीत दोन शब्द आहेत, ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा माणूस बाहेर राहतो आणि ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. उर्दू माध्यमाच्या मुलांची इथे हमखास गडबड होते.

आठवीतल्या एका मुलाने मागे मला विचारलं, “टीचर, सलीबी जंगांमध्ये शेवटी आपण जिंकलो ना?” प्रश्न कुठून आला ते मला माहीत होतं. उर्दूत डब झालेल्या तुर्की मालिका आमची सगळी पोरं मोबाइलवर बघतात. पांढऱ्या झग्यावर लाल क्रूस लावलेले टेम्पलर त्यात कायमचे खलनायक असतात. मी विचारलं, “आपण म्हणजे कोण रे?” तो म्हणाला, “म्हणजे मुसलमान.” वर्गात कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्या मुलावर मी रागावले नाही. रागवायचं तर आधी आमच्या साहित्यावर रागवावं लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लखनौच्या अब्दुल हलीम शरर यांनी ‘मलिकुल अज़ीज़ वर्जिना’ ही कादंबरी लिहिली. वॉल्टर स्कॉटच्या ‘द टॅलिस्मन’मध्ये मुसलमानांचं जे चित्रण होतं, त्याला ते उत्तर होतं. म्हणजे एका इंग्रजी कादंबरीला चिडून उर्दूतली पहिली ऐतिहासिक कादंबरी जन्मली. पुढे अल्तमश यांची ‘दास्तान ईमान फ़रोशों की’ घराघरांत वाचली गेली. आमच्या कितीतरी पिढ्यांना सलाहुद्दीन अय्यूबी भेटला तो असा, कादंबरीच्या पानांतून.

गंमत अशी की ज्यांनी ती युद्धं डोळ्यांनी पाहिली, त्या अरबी लेखकांकडे ‘सलीबी जंग’ हा शब्दच नव्हता. तो खूप नंतरचा, एकोणिसाव्या शतकात युरोपीय भाषांवरून घडवलेला. ते लोक आलेल्यांना ‘इफ्रंज’ म्हणत, म्हणजे फ्रँक. हाच शब्द फारसीतून ‘फिरंगी’ होऊन आपल्या मराठीत आला आणि कोकण किनाऱ्यावरच्या पोर्तुगीजांना चिकटला. हे नुसतं शब्दांचं नातं नाही. टेम्पलरांची संघटना १३१२ मध्ये पोपने बरखास्त केल्यावर पोर्तुगालच्या राजाने त्यांची तिथली मालमत्ता १३१९ मध्ये स्थापन झालेल्या ‘ऑर्डर ऑफ ख्राइस्ट’कडे वळवली. वास्को द गामाची जहाजं १४९८ मध्ये कालिकतला आली तेव्हा त्यांच्या शिडांवर याच संघटनेचा क्रूस होता. वसईच्या किल्ल्यात फिरताना मला हे आठवतं.

आता मुलाच्या प्रश्नाकडे. मोठ्या घटना सगळ्यांना ठाऊक असतात. १०९५ मध्ये पोप अर्बन दुसरा याने हाक दिली. १०९९ च्या जुलैत जेरुसलेम पडलं आणि शहरातल्या मुसलमानांची आणि यहुद्यांची कत्तल झाली. १०९९ ते ११८७ हा काळ तिथे ख्रिस्ती राजे बसले. २ ऑक्टोबर ११८७ रोजी सलाहुद्दीनने शहर परत घेतलं आणि कत्तल न करता खंडणी घेऊन लोकांना जाऊ दिलं. हे आम्ही अभिमानाने सांगतो आणि सांगण्यासारखंच आहे. पण त्याच वर्षी जुलैत, हत्तीनच्या लढाईनंतर, कैद झालेल्या टेम्पलर आणि हॉस्पिटलर सरदारांना त्याच सलाहुद्दीनने ठार करवलं, हे सांगताना आमचा आवाज खाली येतो. ११९१ मध्ये इंग्लंडच्या रिचर्डने अक्का शहराबाहेर दोन हजारांहून जास्त मुसलमान कैदी कापले, हे सांगताना तो पुन्हा वर चढतो.

मुलांना मी या लढाया थोडक्यात सांगते आणि उसामाकडे वळते. उसामा इब्न मुन्किझ हा सीरियातल्या शैझर किल्ल्याचा उमराव. जन्म १०९५ चा, म्हणजे पोपने हाक दिली त्याच वर्षीचा, आणि मृत्यू ११८८ चा, जेरुसलेम परत मिळाल्यानंतरचा. एका माणसाच्या आयुष्यात ही सगळी कहाणी मावली. म्हातारपणी त्याने ‘किताबुल इतिबार’ नावाच्या आठवणी लिहिल्या.

त्यात एक प्रसंग आहे. टेम्पलरांनी मस्जिदे अक्साला आपलं मुख्यालय केलं होतं, त्यांचं नावही त्या जागेवरूनच पडलं. उसामा जेरुसलेमला गेला की तिथले टेम्पलर, जे त्याचे दोस्त होते, शेजारची एक छोटी मशीद त्याला नमाजसाठी मोकळी करून देत. एकदा तो नमाजला उभा राहिला तेव्हा एका फिरंग्याने त्याला धरून पूर्वेकडे वळवलं आणि असं तोंड करून प्रार्थना कर म्हणून सांगितलं. टेम्पलरांनी त्याला बाहेर काढलं. तो संधी साधून पुन्हा आला आणि पुन्हा तेच केलं. टेम्पलरांनी त्याला परत हाकललं आणि उसामाची माफी मागितली. हा माणूस युरोपातून नुकताच आला आहे, पूर्वेकडे तोंड न करता कुणी प्रार्थना करतो हे त्याने कधी पाहिलेलंच नाही, असं ते म्हणाले. मालिकेतला टेम्पलर हे कधी म्हणणार नाही.

याच टेम्पलरांची दुसरी गोष्टही मी सांगते. ११५४ मध्ये इजिप्तमधून पळालेला वजिराचा मुलगा नसर त्यांच्या हाती लागला. त्यांनी तो साठ हजार दिनारांना कैरोला विकला आणि तिथे त्याला मारण्यात आलं. त्या पळालेल्या टोळीत उसामाही होता. तो वाचला. पुढे त्याच्या बायकामुलांना समुद्रमार्गे सीरियात आणायचं ठरलं. जेरुसलेमचा राजा बाल्डविन तिसरा याने त्यांच्या सुरक्षित प्रवासाचा लेखी परवाना दिला. अक्काजवळ राजाच्याच माणसांनी जहाज लुटलं. माणसं सुखरूप पोचली. उसामा म्हणतो की सोनंनाणं गेलं त्याचं मला काही वाटलं नाही, पण जहाजावरची चार हजार पुस्तकं गेली, त्याचं दुःख जन्मभर राहिलं. हे सांगितलं की आमच्या वर्गात जरा शांतता पसरते. शाळेच्या ग्रंथालयात दोन कपाटं असलेल्या मुलांना चार हजार पुस्तकं म्हणजे काय याचा अंदाज करावा लागतो.

आता सांगा, टेम्पलर चांगले की वाईट? उसामाने स्वतः हा निकाल दिलेला नाही. फिरंग्यांना तो पानापानावर शिव्याशाप देतो आणि त्यातल्याच काहींना मित्र म्हणतो. त्याला दोन्हींमध्ये अडचण वाटत नाही, कारण तो माणसांविषयी लिहीत होता.

उसामानंतर चाळीसएक वर्षांनी जे घडलं, ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत विचार करायला लावणारं प्रकरण वाटतं. पवित्र रोमन सम्राट फ्रेडरिक दुसरा हा सिसिलीत, पालेर्मोत वाढलेला. त्याचे आजोबा रॉजर दुसरे यांच्या दरबारात अल इद्रिसीने आपला जगप्रसिद्ध नकाशा तयार केला होता. फ्रेडरिकला अरबी समजायची. क्रूसेडला जायला उशीर केला म्हणून पोप ग्रेगरी नववा याने ११२७ नव्हे, पुरत्या शंभर वर्षांनी म्हणजे १२२७ मध्ये त्याला धर्मबहिष्कृत केलं. तो १२२८ मध्ये निघाला तो बहिष्कृत अवस्थेतच. समोर होता सलाहुद्दीनचा पुतण्या, इजिप्तचा सुलतान अल कामिल.

दोघांनी लढाई केली नाही. अमीर फखरुद्दीन सुलतानाच्या वतीने ये-जा करत राहिला, बोलणी महिनोन् महिने चालली. १८ फेब्रुवारी १२२९ रोजी याफाचा करार झाला. जेरुसलेम, बेथलेहेम आणि नाझरेथ ख्रिस्त्यांकडे गेलं. मस्जिदे अक्सा आणि कुब्बतुस सखरा यांचा हरम परिसर मुसलमानांकडे राहिला. मुदत दहा वर्षांहून थोडी जास्त. ज्या शहरासाठी सव्वाशे वर्षं रक्त सांडत होतं, ते रक्ताचा थेंब न सांडता वाटून घेतलं गेलं.

लोक खूश झाले असतील असं वाटतं ना? उलट झालं. जेरुसलेमच्या ख्रिस्ती धर्मप्रमुखाने त्या शहरातल्या चर्चमधल्या प्रार्थनाच बंद करण्याचा हुकूम काढला, कारण ते एका बहिष्कृताने मिळवलं होतं. १८ मार्चला फ्रेडरिकने मुकुट स्वतःच उचलून डोक्यावर ठेवला. टेम्पलर आणि हॉस्पिटलर त्याच्या विरोधात होते. फक्त ट्यूटॉनिक संघटनेचा प्रमुख हेर्मान फॉन झाल्झा त्याच्या बाजूने उभा राहिला. मे महिन्यात तो अक्का बंदरातून परत निघाला तेव्हा खाटीकआळीतल्या लोकांनी त्याच्यावर आतडी आणि मांसाचे तुकडे फेकले.

इकडे दमिश्कमध्ये सिब्त इब्नुल जौज़ी यांनी उमय्यद मशिदीत जेरुसलेमच्या नावाने शोकाचं प्रवचन दिलं आणि लोक ढसाढसा रडले. हे प्रवचन ठेवायला सांगितलं होतं दमिश्कच्या अमीराने. तो अल कामिलचा पुतण्या, आणि चुलता त्याचं राज्य गिळायला टपलेला होता. तेव्हा त्या अश्रूंच्या मागेही राजकारण होतंच.

इतिहासकार इब्न वासिल यांनी त्या दिवसांची एक हकिगत दिली आहे. सम्राट जेरुसलेममध्ये मुक्कामाला असताना त्याच्या मानाखातर काझींनी मुअज्जिनला त्या रात्री अजान न देण्यास सांगितलं. सकाळी फ्रेडरिकने विचारलं, अजान का झाली नाही? काझींनी कारण सांगितलं. तेव्हा तो म्हणाला की तुम्ही चूक केलीत, मी इथे रात्री राहिलो तो मुख्यतः अजान ऐकण्यासाठीच.

ही गोष्ट आमच्या लोकांना फार आवडते. मलाही आवडते. पण इथेच थांबलं तर आपण एका मालिकेतून निघून दुसऱ्या मालिकेत शिरलो असं होईल. याच फ्रेडरिकने सिसिलीतल्या मुसलमानांचं बंड मोडलं आणि त्यांना हजारोंच्या संख्येने उठवून इटलीत लुचेरा गावी नेऊन बसवलं. तिथे त्यांना धर्म पाळू दिला, त्यांचे तिरंदाज आपल्या सैन्यात घेतले. पण सिसिलीतला शतकांचा इस्लाम संपवणारा तोच. लुचेराची ती वस्ती पुढे १३०० मध्ये दुसऱ्या एका ख्रिस्ती राजाने उद्ध्वस्त केली आणि लोकांना गुलाम म्हणून विकलं. अल कामिलनेही जेरुसलेम दिलं ते काही बंधुभावाने नव्हे. घरच्या भाऊबंदकीत त्याला बाहेरचा शत्रू परवडत नव्हता. करार करवणारा फखरुद्दीन १२५० मध्ये मन्सूरा इथे क्रूसेडरांच्याच हल्ल्यात मारला गेला. जेरुसलेमही १२४४ मध्ये ख्वारिझ्मी टोळ्यांनी लुटलं आणि जिंकलं.

मग उरलं काय? पंधरा वर्षं. त्या काळात अधूनमधून कुरबुरी आणि चकमकी होत राहिल्या, पण मोठी कत्तल झाली नाही. पंधरा वर्षांत एक मूल जन्मून आठवी-नववीत जाण्याएवढं मोठं होतं. स्वार्थी माणसांनी स्वार्थापोटी केलेल्या समेटातूनही एवढं मिळू शकतं. त्यासाठी त्या दोघांना औलिया ठरवायची गरज नाही.

आता ‘आपण’विषयी. आमच्या शरियतमध्ये विरासतीचा एक नियम आहे. मयताची मालमत्ता वारसांत वाटण्याआधी त्याचं कर्ज फेडावं लागतं. हा नियम मला इतिहासाला लावावासा वाटतो. सलाहुद्दीनची उदारता ही माझी दौलत असं जो म्हणतो, त्याच्या दारात मग दुसरा कुणी गझनीच्या महमूदाचं कर्ज मागायला उभा राहतो. महाराष्ट्रात वाढणाऱ्या आमच्या मुलांना हा तगादा नवा नाही. ज्या बादशहांशी त्यांचं रक्ताचं, गावाचं, भाषेचं कसलंच नातं नाही, त्यांचा हिशेब त्यांच्याकडे मागितला जातो. ते अन्यायाचं आहे असं आपल्याला वाटत असेल, तर वसईच्या एखाद्या ख्रिस्ती मुलाकडे १०९९ चा हिशेब मागणंही अन्यायाचंच. आणि कर्ज नाकारायचं तर दौलतीवरचा हक्कही सोडावा लागतो. सलाहुद्दीन कुर्द होता, बाराव्या शतकातल्या इस्लामी जगातला एक सुलतान. त्याच्याकडून शिकावं जरूर. त्याच्या विजयात आपली हजेरी लावू नये.

त्या मुलाला मी इतकं सगळं एका तासात सांगितलं नाही. पुढचे तीन-चार तास, धड्याच्या अधूनमधून, थोडं थोडं सांगत गेले. उसामाची पुस्तकं त्याला आवडली. फ्रेडरिकवर आतडी फेकली हे तर फारच आवडलं. शेवटी त्याने एक वाक्य मराठीच्या वहीत लिहून दाखवलं: “आपण तेव्हा नव्हतो.” त्यात व्याकरणाची चूक नव्हती. मी खाली सही केली आणि सहामाहीच्या पोर्शनकडे वळले.